अंगठ्याचं काम

उजव्या हाताची नखं वाढवलेला माणूस मसाला मार्केटमध्ये लगेच डोळ्यांत भरतो. क्लासिकल गिटार पिकने वाजवत नाहीत. नायलॉनच्या तारेला आधी बोटाचं मांस लागतं, मग नख, आणि त्या दोहोंमधल्या केसभर जागेत सूर गोल निघणार की पत्र्यासारखा वाजणार ते ठरतं. त्यामुळे डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली आणि उजव्याची थोडी बाहेर, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली, हा माझा कायमचा अवतार. गाळ्यावर कामाला लागलो तेव्हा सगळ्यांनी यथेच्छ चेष्टा केली. शेठनी मात्र त्यातून उपयोग काढला. लवंगेचा नमुना आला की म्हणायचे, "मास्तर, जरा नख लावा बघू." ताज्या लवंगेला नख दाबलं की तेल वर येतं. नाही आलं तर माल जुना, नाहीतर आधीच तेल काढून घेतलेला. दुपारभर नमुने बघितले की संध्याकाळी गिटारच्या तारांना लवंगेचा वास यायचा.

आमचे आबा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाटण तालुक्यातून मुंबईला आले, मशीद बंदरात ओझी वाहिली, बाजार वाशीला हलला तसे टोळीबरोबर इकडे आले. १९६९ चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटील यांचं नाव आमच्या घरात देवाच्या खालोखाल घेतलं जायचं. कोपरखैरणेची आमची खोली त्या लढ्याच्याच पुण्याईची. पोराच्या डोक्यावर गोणी यायला नको एवढी एकच आबांची इच्छा होती, म्हणून मी बी.कॉम. करून मसाला मार्केटात हिशेब लिहायला बसलो. नोंदणी असलेल्या माथाडीशिवाय मालाला हात लावायचा नाही, हा नियम माझ्या नखांच्या पथ्यावर पडला. तरी ती तुटायचीच, गोणी शिवायच्या सुतळीत नाहीतर शटरच्या कडीत अडकून. मग टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा नखाच्या आकाराचा कापायचा, खालून फेविक्विकने चिकटवायचा आणि घासायचा. जगभरचे गिटारवादक हेच करतात. आमच्या कॉलनीत मात्र हे काय प्रकरण आहे ते आईला शेजारणींना समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले.

गिटार शिकलो ती एका गोव्याच्या सरांकडे. वाशीत तळमजल्यावरच्या खोलीत ते शिकवायचे. मुंबईतली बरीचशी गिटार अशा गोंयकार वादकांच्या हातून पुढच्यांकडे गेली. हॉटेलांतले बँड त्यांनी सांभाळले, सिनेमाच्या वाद्यवृंदांत तेच बसले. मुंबईत जन्मलेल्या आमान्सियो डिसिल्वा या गोवेकर गिटारिस्टने तर लंडनला जाऊन १९६९ मध्ये जमैकाच्या ज्यो हॅरियटबरोबर 'हम दोनो' नावाचं रेकॉर्ड केलं. आमच्या सरांचा असल्या मिश्रणावर विश्वास नव्हता. त्यांच्याकडे सोर, तार्रेगा आणि ट्रिनिटीच्या परीक्षा. नोटेशन वाचता आलं पाहिजे, पाय चौरंगावर पाहिजे, पाठ ताठ पाहिजे. 'रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा'चा ट्रेमोलो त्यांनी माझ्याकडून इतका घोटून घेतला की रात्री झोपेतही माझी तीन बोटं चादरीवर चालतात, असं बायको आजही सांगते.

त्याच सरांनी एकदा स्वतःच्या मताविरुद्ध जाऊन एक सीडी दिली. जॉन विल्यम्स हा त्यांचा देव, आणि देवाने 'द मॅजिक बॉक्स' या नावाने आफ्रिकेचं संगीत वाजवलं होतं. "ऐक आणि परत आण," एवढंच म्हणाले. मी ऐकली आणि परत नेऊन दिली. चांगली वाटली, पण हलवून टाकलं ते पुढे काही वर्षांनी, केपटाऊनच्या डेरेक ग्रिपरने. २०१२ च्या 'वन नाइट ऑन अर्थ' या अल्बममध्ये त्याने मालीच्या तुमानी जाबातेचं कोरावादन साध्या सहा तारांच्या गिटारवर आणलं. कोऱ्याला तारा एकवीस. अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं, त्यातून वर गेलेला लांब दांडा, तारांच्या दोन रांगा, एकीत अकरा, दुसरीत दहा. वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, बाकीच्या बोटांनी वाद्य धरायचं. म्हणजे चार बोटांत एकवीस तारांचा कारभार. तुमानीचं १९८८ चं 'काइरा' ऐकणाऱ्या कुणालाही वाटतं की दोन-तीन माणसं बसली आहेत. बसलेला एकटा तुमानीच.

हे सहा तारांवर कसं बसतं, याचं उत्तर मला सापडलं सतराव्या शतकातल्या स्पेनमध्ये. १६७४ मध्ये पुस्तक छापणाऱ्या गास्पार सांझच्या काळापासून गिटारवर 'कांपानेला' नावाची पद्धत आहे. लागोपाठचे सूर एकाच तारेवर न वाजवता शेजारशेजारच्या तारांवर वाटून द्यायचे, म्हणजे पहिला सूर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. कोऱ्यात प्रत्येक सुराला स्वतःची तार असल्यामुळे हे आपोआप घडतं, गिटारवर ते बोटांनी घडवावं लागतं. सांझचं 'कानारिओस' मी मुलांना शिकवतो. सहा मात्रांचे एकदा दोन भाग, लगेच तीन भाग, असा त्याचा झोका. हा नाच कानारी बेटांच्या नावाचा, आणि ती बेटं आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अगदी जवळ. सरांनी ज्याला शुद्ध युरोपीय म्हणून शिकवलं त्याची एक खिडकी त्या बाजूला उघडी होती, एवढं मला त्या दिवसांत कळलं.

पण कळणं आणि वाजवता येणं यात वर्षं जातात. माझी गाडी अडली ती अंगठ्यात. क्लासिकल शिक्षणात अंगठा म्हणजे खालचा आधार. वर करंगळीशेजारचं बोट गातं, लोक त्याचं कौतुक करतात, अंगठा आपला खालून मोजून सूर देतो. कोऱ्यात उलट. अंगठ्यांनी धरलेली जी फिरती चाल असते तिला कुंबेंगो म्हणतात आणि वरून येणाऱ्या तानांना बिरिमिंतिंगो. मी ताना आधी बसवल्या, कारण त्या ऐकायला झगमगीत. त्या हाताला बसल्याही. पण वाजवल्या की शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटायचं. खालची चाल दहा मिनिटं, वीस मिनिटं, काहीही न घालता, न कंटाळता फिरवत ठेवणं मला येत नव्हतं. नोटेशन उपयोगाचं नव्हतं. कागदावर ती चाल दोन ओळींत संपते आणि डोळा पुढे काय आहे ते शोधायला लागतो.

मदत झाली ती आबांच्या भजनी मंडळाची. कॉलनीत दर एकादशीला भजन असायचं आणि लहानपणी मला टाळ धरायला बसवत. आठ मात्रांचा भजनी ठेका, तास-दोन तास. मोठे अभंग म्हणायचे, मी टाळ वाजवायचो. मध्येच काहीतरी वेगळं करायची हौस आली की आबा नुसते बघायचे. त्यांना संगीताचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण टाळकऱ्याने हलायचं नाही एवढं पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षांचा झाल्यावर मी पुन्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, गिटार घरी ठेवून, टाळ घेऊन. दोन वर्षं एकादशी चुकवली नाही. मग अंगठा हळूहळू बसला. हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा पालकांना शंका येते की मास्तर फी गिटारची घेतो आणि भजनाला पाठवतो.

माझ्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थ्यांपैकी एक फळ मार्केटातला दलाल होता, पन्नाशी उलटलेला. मुलीच्या लग्नात एक गाणं वाजवायचं म्हणून आला आणि तीन वर्षं टिकला. जुन्या पद्धतीचा माणूस. पूर्वी हापूसचे सौदे रुमालाखाली होत. विकणारा आणि घेणारा रुमालाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, चारचौघांत आकडा फुटायचा नाही. शेतकऱ्यालाही तो दिसत नाही म्हणून ही हत्ता पद्धत बदनाम झाली, आणि ते योग्यच झालं. पण त्या गृहस्थाच्या बोटांना न बघता मोजायची सवय होती. लहान मुलं मान वाकवून तारा शोधायची, हा खिडकीबाहेर बघत चाल फिरवायचा. मी त्याला एकदा म्हणालो, तुम्ही सावकाश शिकताय पण विसरत नाही. तो म्हणाला, "मास्तर, बोटाला एकदा भाव कळला की डोक्याला विचारायचं नाही."

मधली काही वर्षं मी 'फ्युजन' केलं. पोटासाठी. तारांकित हॉटेलं, कॉर्पोरेट पार्ट्या, एक-दोन डेस्टिनेशन लग्नं. एक तबला, एक जेंबे, एक बासरी, मी, आणि निवेदक माइकवर "जगाची सफर" म्हणणार. प्रत्येक देशाला चार मिनिटं. ओळख करून देताना हमखास कुणीतरी म्हणायचं, हे मसाला मार्केटमधले, म्हणून यांच्या संगीतात सगळे मसाले! हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की तो सुरू झाला की मी तारा जुळवायला घेतो. पैसे बरे मिळाले, त्यातून माझी आताची गिटार आली, त्यामुळे त्या दिवसांना नावं ठेवणार नाही. पण तिथे कुणालाच कुणाचं ऐकायला वेळ नव्हता. 'वर्ल्ड म्युझिक' हे नावही तसंच जन्मलं. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली आणि दुकानात हा माल कुठल्या फळीवर ठेवायचा म्हणून त्यांनी ते नाव मुक्रर केलं. मालीचा कोरा, बल्गेरियातल्या बायकांचं गाणं आणि आपली सारंगी एका फळीवर. विक्री वाढली हे खरं, आणि त्या फळीमुळेच ही रेकॉर्डं माझ्यापर्यंत पोचली हेही खरं. तरी मला ते नाव आवडत नाही.

आफ्रिका म्हणजे माली नव्हे, हे मला एका कांगोच्या विद्यार्थ्याने सुनावलं. तो नवी मुंबईत शिकायला होता, रविवारी चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. माझी कोऱ्याची चाल त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, छान आहे, पण हे माझ्या गावापासून तुमच्या गावाइतकंच लांब आहे. मग त्याने मला अंगठा आणि तर्जनी, फक्त दोन बोटं वापरायला लावली. बाकीची बोटं मुठीत. तार वाजली की लगेच तळव्याच्या कडेने दाबायची, म्हणजे सूर कमी आणि ठोका जास्त. त्याच्याकडूनच मी ज्याँ-बॉस्को म्वेंडाचं 'मसांगा' ऐकलं, १९५२ मध्ये ह्यू ट्रेसीने कटांगात ध्वनिमुद्रित केलेलं. एक गिटार, दोन बोटं, आणि ऐकणारा चक्रावून जातो. कांगोच्या रुंबाच्या शेवटच्या वेगवान भागाला सेबेन म्हणतात. त्यात दोन-तीन गिटारी एकमेकींच्या फटीत सूर टाकतात. एकटीची चाल ऐकली तर अर्धवट, बावळट वाटते. त्याने मला मुद्दाम ती बावळट चाल दिली आणि स्वतः वरची घेतली. इतकी वर्षं एकल वादन शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या फटीत बसायला सांगितलं की काय होतं ते मी पाहिलं. पहिला तासभर अहंकारच वाजत होता.

तोच एकदा गाळ्यावर आला. लवंगेच्या गोणीवर मादागास्कर वाचून त्याला हसू आलं. मी त्याला मार्केट फिरवून दाखवलं. झांझिबार आणि मादागास्करची लवंग आमच्याकडे, मोझांबिक, टांझानियाची तूर दाणाबंदरात, आणि फळ मार्केटात नोव्हेंबरात मलावीचा हापूस. कोकणातल्या काड्या तिकडे नेऊन कलमं केली, आणि आता ते आंबे विमानाने वाशीला उतरतात, तेही आपल्या झाडांना मोहोर यायच्या वेळेला. जुने व्यापारी नाक मुरडतात, चव तीच का यावर वाद घालतात, आणि पेट्या घेतात. तो म्हणाला, "आमच्या रुंबाचं हेच झालं." गुलाम म्हणून नेलेल्यांबरोबर आफ्रिकेचे ठेके क्युबात गेले, तिथे स्पॅनिश गिटारीला भेटले, आणि १९३० च्या दशकात एचएमव्हीच्या जीव्ही मालिकेच्या तबकड्यांतून परत आफ्रिकेत आले. किन्शासाच्या पोरांनी त्या ऐकून गिटार उचलली. आंबा मात्र कुणी साखळदंड घालून नेला नव्हता, एवढा फरक त्यानेच पुढे सांगितला. मी लिहिता लिहिता तो विसरणार नाही.

त्यानंतर मला झांझिबारचं वेड लागलं. त्यातून सापडली सिती बिंती साद. १८८० च्या सुमारास जन्मलेली, मातीची भांडी विकत गावोगाव फिरणारी बाई. तारबची गायिका झाली आणि १९२८ मध्ये तिची मंडळी बोटीने मुंबईला आली, एचएमव्हीसाठी स्वाहिलीत गाणी ध्वनिमुद्रित करायला. तारब म्हणजे अरबी ऊद, व्हायोलिन, किनाऱ्यावरचे आफ्रिकी ठेके, आणि पुढे चक्क हिंदी सिनेमाच्या चाली. ती मुंबईत आली तेव्हा लवंगेचा व्यापार मशीद बंदराच्या बाजूलाच चालत असणार. ज्या बंदरातून लवंग यायची त्याच बंदरातून ते गाणं आलं, मुंबईत मेणावर उमटलं आणि परत गेलं. शेठना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मग तिला पैसे किती मिळाले?" मला सांगता आलं नाही. प्रश्न मात्र बरोबर होता. तबकड्यांचे पैसे कुणाच्या खिशात गेले, हा प्रश्न या सगळ्या संगीताला विचारावा लागतो, मलाही. मी तुमानीची चाल वाजवतो तेव्हा ती माझी नसते. जेली घराण्यांत ती बापाकडून मुलाकडे पिढ्यान्पिढ्या आलेली. कार्यक्रमात मी आधी त्याचं नाव घेतो, मग वाजवतो. तो २०२४ च्या जुलैत गेला. त्या आठवड्यात क्लासमध्ये मी दुसरं काही शिकवलं नाही.

मिसळणं म्हणजे काय, हे मला कुणी व्यासपीठावर सांगितलं नाही. ते दिसलं कॉलनीतल्या एका जागरण-गोंधळाला. साताऱ्याकडच्या कुटुंबात लग्न होतं, गोंधळी बोलावले होते. एक संबळवाला, एक तुणतुणंवाला, एक गाणारा. मध्यंतरात कुणीतरी माझी गिटार आणून माझ्या मांडीवर दिली. मी कोऱ्याची एक चाल धरली, सौता नावाच्या सुरावटीतली. तीव्र मध्यम असतो तिच्यात, आपल्या कल्याणसारखा, पण कोऱ्याचे काही सूर गिटारच्या पडद्यांच्या अधेमधे बसतात, त्यामुळे माझी चाल थोडी इस्त्री केल्यासारखीच येते. माझ्याबरोबर एक चांगला वाचणारा व्हायोलिनिस्ट मित्र होता. तो "एक कुठे आहे?" म्हणून बोटं मोजत राहिला. तुणतुणंवाला मान खाली घालून दोन आवर्तनं ऐकत होता. मग त्याने एकच सूर टुणटुण करत माझ्या अंगठ्याच्या बरोबर मधल्या फटीत टाकला आणि तो हललाच नाही. संबळवाल्याने वाकडी काठी उचलली, नरम बाजू घुमवली आणि तिसऱ्याच जागेवरून आत आला. माझी सम एकीकडे, त्याची दुसरीकडे, आणि चाल पडली नाही. वाजवून झाल्यावर तो म्हणाला, "तुमचं तुणतुणं लई तारांचं हाय, पर काम तेच करतंय."

त्याने न मोजता जे ओळखलं ते शिकायला मला भजन, कांगोचा पोरगा आणि एकवीस तारांचा कोरा असा सगळा वळसा लागला. मी इतकी वर्षं दोन परंपरा जोडायच्या म्हणून पूल बांधत होतो. लवंगेबरोबर, तबकड्यांबरोबर, गुलामांच्या जहाजांतून हे सगळं आधीच एकमेकांत गेलेलं आहे. मला फक्त खालची चाल न हलवता बसायचं होतं, म्हणजे दुसऱ्याला आत यायला जागा राहते. आता कार्यक्रमांत मी चार देश घेत नाही. दोन चाली घेतो, पाऊण तास. आयोजक घड्याळ बघतात. काही पुन्हा बोलावत नाहीत. क्लासची फी आणि गाळ्याचा पगार आहे म्हणून हे परवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही. फक्त वादनावर जगणारे माझे मित्र माझ्यापेक्षा जास्त तडजोडी करतात आणि माझ्यापेक्षा जास्त वाजवतात.

पावसाळ्यात सगळंच बिघडतं. खाडीची हवा, वरची फळी फुगते, तारा जिथे असायला हव्यात तिथून उंच जातात, कांपानेला साफ बसत नाही. मसाल्याच्या गोण्याही त्या दिवसांत ओल धरतात, तेव्हा गाळ्यावर आणि घरी एकच काळजी. शेठ मालाच्या नमुन्यांसाठी आणलेल्या सिलिका जेलच्या पुड्या मला देतात, मी त्या गिटारच्या पेटीत टाकतो.

सध्या मी तारबची एक चाल सहा तारांवर उतरवतोय. ऊदवर सूर घसरत जातात, गिटारचे पडदे मध्ये येतात, म्हणून दोन जागी तार बाजूला ओढून ते साधावं लागतं आणि तिथे अंगठा डळमळतो. त्या संबळवाल्याला रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्याचा फोन आला, की दुसरी ओढ काढून टाका, तिथं मला घुसायचंय. मी म्हटलं, मूळ गाण्यात ती आहे. तो म्हणाला, मग बाईला विचारून सांगा. रविवारी मार्केट बंद असतं, त्याला घरी बोलावलंय. त्याला वेलदोड्याचा चहा लागतो, आणि वेलदोडे मी गाळ्यावरून आणून ठेवलेत.